'टू' कुठे लावायचा, कुठे गाळायचा?

अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी जाता येते. भरती आली, की ही वाट पाण्याखाली जाते. अशा ठिकाणी परदेशी पर्यटकाला 'भरतीपूर्वी परतायला विसरू नका' असे बजावायचे, तर 'डोन्ट फर्गेट टू रिटर्न' म्हणावे लागते. 'डोन्ट फर्गेट रिटर्निंग' म्हटले, तर 'परतला होतात हे विसरू नका' असा भलताच अर्थ निघतो आणि इशारा वाहून जातो.

काळ, पुरुष व वचन यांच्या बंधनातून मोकळे असलेले क्रियापदाचे रूप म्हणजे इन्फिनिटिव्ह. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाऊ लागले; तरी मराठी माध्यमातून आलेल्यांना या रूपापुढचा 'टू' अजूनही चकवतो. वस्तुतः मराठीतच त्याची एक खूण सापडते. 'जाऊ दे', 'जाऊ शकतो' यांतील 'ऊ'कारान्त रूपाला इंग्रजीत बहुधा 'टू' लागत नाही : 'लेट हिम गो', 'कॅन गो'. 'जायला सांगितले' यातील 'आयला'ला मात्र लागतो : 'टोल्ड हिम टू गो'.

ही खूण ढोबळच. 'जाऊ इच्छितो' याचे 'विश टू गो' होते, तर 'जायला हवे' याचे नुसते 'शुड गो'. खरा सापळा 'लावणे' या क्रियापदाचा. 'होडीवाल्याने आम्हाला थांबायला लावले' याचे इंग्रजी 'मेड अस टू वेट' नव्हे, तर 'मेड अस वेट'. गंमत अशी, की हेच वाक्य कर्मणी केले, की गाळलेला 'टू' परत येतो : 'वुई वेअर मेड टू वेट'.

'त्याने यावे अशी माझी इच्छा आहे' या मराठी घडणीमुळे 'आय वॉन्ट दॅट ही शुड कम' असे वाक्य सहज तोंडून निघते. इंग्रजीत 'वॉन्ट'नंतर थेट माणूस येतो आणि मग 'टू' : 'आय वॉन्ट हिम टू कम'. 'सजेस्ट'ला मात्र ही घडण चालत नाही. तेथे बहुधा 'दॅट' येतो. त्यामुळे नियमांची लांबलचक यादी घोकण्यापेक्षा प्रत्येक क्रियापद त्याच्या सोबत्यासह पाठ केलेले बरे.

मुरूडजवळच्या राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या होडीतील प्रवाशांबद्दल 'दे स्टॉप्ड टू टेक फोटोज' म्हटले, तर ते छायाचित्रे काढण्यासाठी थांबले. 'स्टॉप्ड टेकिंग' म्हटले, तर त्यांनी कॅमेरे मिटले.