खोकला साधा की न्यूमोनिया? श्वास मोजून पाहा

आषाढ लागला की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात भातलावणीची एकच धांदल उडते. धडधाकट माणसे दिवसभर चिखलात आणि तान्हे मूल पडवीत आजीजवळ. ते खोकू लागले, अंग तापले, तर आपण म्हणतो, "पावसाचे दिवस, सर्दी झाली असेल. लावणी आटोपली की दाखवू." बहुतेक वेळा ती सर्दीच असते. पण कधी तो न्यूमोनिया असतो, आणि तो लावणी आटोपण्याची वाट पाहत नाही.

फुप्फुसात द्राक्षांच्या घोसासारखे हवेचे बारीक फुगे असतात. रोगजंतू तेथवर पोचले की सूज येते, फुग्यांत पू व पाणी साचते आणि रक्ताला प्राणवायू कमी पडतो. हाच न्यूमोनिया. तो नुसते भिजल्याने होत नाही. जंतू खोकल्या-शिंकण्यातून पसरतात. चुलीचा धूर, विडी, दारू, मधुमेह आणि अपुरे पोषण त्यांना वाट करून देतात.

या जंतूंत मुख्य न्यूमोकोकस. १८८१ साली फ्रान्समध्ये पाश्चर आणि अमेरिकेत स्टर्नबर्ग यांनी तो वेगवेगळा शोधून काढला. त्याची लक्षणे एकाएकी दिसतात: हुडहुडी भरून ताप, श्वास घेताना बरगडीत सुईसारखी कळ, आणि गंजाच्या रंगाचा बेडका. मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू मात्र सावकाश येतो. कोरडा खोकला, डोकेदुखी, बारीक ताप. तो तरुणांत अधिक आढळतो. फ्लू बरा होत असताना पुन्हा जोराचा ताप आला तर स्टॅफिलोकोकसची शंका घ्यावी. दारू पिणाऱ्यांना व मधुमेहींना क्लेब्सिएला गाठतो. काही न्यूमोनिया विषाणूंमुळेही होतात.

म्हाताऱ्या माणसांत हा आजार फसवा असतो. ताप नसतोही, आजोबा जेवत नाहीत, असंबद्ध बोलतात, एवढेच दिसते. त्याला वयाचा दोष समजून स्वस्थ बसू नका.

मुलांसाठी सोपी परीक्षा आहे. मूल शांत असताना अंगावरचे कापड बाजूला करा आणि घड्याळ लावून पुरते एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध पीत नसेल, ओठ निळसर झाले असतील किंवा झटके येत असतील, तर घटकाभरही थांबू नका. १०८ क्रमांकाची गाडी बोलवा. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला ३० च्या घरात गेले तरी हाच नियम.

हे शहाणपण आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झाले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८८ च्या सुमारास गावातल्या कार्यकर्त्यांना व सुइणींना श्वास मोजून औषध देण्यास शिकवले. त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या निम्म्यावर आले. १९९० साली हा अहवाल 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

जंतूंच्या न्यूमोनियावर प्रतिजैविक औषधे उत्तम लागू पडतात. ती डॉक्टरांनी सांगितली तितके दिवस पुरी घ्या. ताप उतरला म्हणून मध्येच सोडू नका. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या नकोत. पोटावर चटके तर मुळीच नकोत. त्याने बाळाचे हाल होतात आणि मोलाचा वेळ जातो.

खाचरात काम करणाऱ्यास ताप, पोटऱ्यांत वेदना, लाल डोळे आणि त्यात धाप किंवा थुंकीतून रक्त असेल, तर तो लेप्टोस्पायरोसिसही असू शकतो. तेव्हा "लावणीला गेलो होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

न्यूमोकोकसची लस सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ पासून देशभर मोफत मिळते. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, अशा तीन वेळा बाळाला ती टोचून घ्या. सहा महिने निव्वळ आईचे दूध द्या आणि बाळाला चुलीच्या धुरापासून दूर ठेवा.

लावणी एक दिवस पुढे गेली तरी भात पिकेल. तेव्हा आज रात्री मूल झोपले की घड्याळ जवळ घेऊन एकदा श्वास मोजून पाहा. सवय झाली की गरजेच्या वेळी हात चाचरणार नाही.