फुटबॉल टीमचं यंदा काय होणार?

होस्टेलच्या मेसमध्ये सध्या एकच चर्चा आहे: यंदा तरी आपली फुटबॉल टीम पहिल्या राउंडच्या पुढे जाईल का? "काही होत नाही बे!" असं म्हणणारे आहेतच. त्यांनी जरा आपल्या विदर्भाच्या क्रिकेट टीमकडे पाहावं.

विदर्भ रणजी करंडकात १९५७-५८ पासून खेळतो. पुढची जवळपास ६० वर्षं साधी फायनल नशिबी नव्हती. १ जानेवारी २०१८ ला इंदूरला दिल्लीला हरवून करंडक आणला. मग २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा! पहिल्या विजयामागे चंद्रकांत पंडितांसारखा कडक कोच आणि वसीम जाफरसारखा मुरलेला खेळाडू होता. त्या फायनलमध्ये हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी तर सिव्हिल इंजिनीअर! म्हणजे सबमिशनचं कारण बाद.

आता आपलं गणित. मॅच ९० मिनिटांची. शेवटच्या २० मिनिटांत दम संपला की गोल बसतात. दम काही आठ दिवसांत वाढत नाही, त्याला दोन-तीन महिने रोजचं पळणं लागतं. दुसरं म्हणजे पासिंग आणि डिफेन्स शिकायला समोर ११ जण हवेत. एकट्या टीमने कोणाशी खेळायचं?

म्हणून वर्ध्याचं ऊन उतरलं की संध्याकाळी ग्राउंडवर या. टाळ्या नंतर वाजवू, आधी टीमसमोर उभे राहू. सर, तुम्हीसुद्धा!