आंबा नसलेला आंबा

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात वॉटरबरी नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे ‘द अल्केमिस्ट’ नावाचा पब चालवणाऱ्या जॉन किमिकने २००४ साली ‘हेडी टॉपर’ नावाची बिअर पहिल्यांदा बनवली. २०११च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाचा पूर आला, पब पाण्याखाली गेला, आणि त्याच सुमारास हीच बिअर कॅनमध्ये भरून विकायला सुरुवात झाली. कॅनवर सूचना छापली होती : कॅनमधूनच प्या. ग्लासात ओतली की वास उडतो, असं किमिकचं म्हणणं. गंमत बघा, ‘हेझी आयपीए’ (आयपीए म्हणजे ‘इंडिया पेल एल’) हा आज जगभर गाजणारा प्रकार लोक ओळखतात तो ग्लासातल्या गढूळ पिवळ्या रंगावरून. आणि बहुतेक जाणकार ज्या बिअरला या घराण्याचा मूळपुरुष मानतात, ती बनवणाऱ्याला तिच्या दिसण्याचं काडीचंही कौतुक नव्हतं.

गढूळपणाकडे नंतर येऊ. आधी वास. चांगल्या हेझी आयपीएचा ग्लास नाकाशी नेला की पिकलेला आंबा, पपनस, पेरू, कधी अननस, असं काहीबाही एकदम अंगावर येतं. नवखा माणूस हमखास विचारतो, ‘यात ज्यूस घातलाय का?’ बहुतेक वेळा एक थेंबही नसतो. हे सगळं येतं हॉप्समधून. हॉप्स म्हणजे गांजाच्या कुळातली एक वेल. तिची हिरवी, खवल्याखवल्यांची फुलं बिअरमध्ये पडतात. उकळत्या द्रावात तासभर शिजली तर ती कडूपणा देतात आणि त्यांची सुगंधी तेलं वाफेबरोबर निघून जातात. आमटी खाली उतरवल्यावर कोथिंबीर घालावी, तसे हेझीवाले बहुतेक हॉप्स आच बंद झाल्यावर, आणि त्याहून जास्त तर आंबवण्याच्या टाकीतच घालतात. प्रमाणही दांडगं : लिटरमागे १० ते १५ ग्रॅम सहज.

सिट्रा, मोझेक, ऑस्ट्रेलियाचा गॅलेक्सी, न्यूझीलंडचा नेल्सन सॉव्हिन ही या बिअरमधली लाडकी वाणं. त्यांच्यातल्या काही द्रव्यांची नाती थेट फळांशी आहेत. ३-मर्कॅप्टोहेक्झेनॉल हे गंधकयुक्त द्रव्य पेरूत आणि पॅशन फ्रूटमध्ये असतं, तेच बिअरमध्येही येतं. लिटरभर द्रवात ग्रॅमचा कोट्यांश भाग असला तरी नाकाला पुरतो. शिवाय यीस्टही स्वस्थ बसत नाही. हॉप्समधल्या गुलाबासारख्या वासाच्या जेरॅनिऑलचं ते सिट्रोनेलॉल करतं, आणि वास लिंबाच्या अंगाने झुकतो. बव्हेरियातली गव्हाची बिअरही गढूळच. पण तिच्यातलं केळं आणि लवंग ही एकट्या यीस्टची करामत. इथे हॉप्स आणि यीस्ट दोघं मिळून काम करतात.

आता गढूळपणा. तो यीस्टचा गाळ नव्हे, निदान चांगल्या बिअरमध्ये तरी नव्हे. ओट्स आणि गहू यांच्यातली प्रथिनं हॉप्समधल्या पॉलिफेनॉलना चिकटतात आणि तरंगत राहतात. गाळून काढली तर त्यांच्यासोबत वासही जातो, म्हणून ठेवायची. पाण्याचंही गणित आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बर्टन गावात हिंदुस्थानसाठी ज्या एल बनत, तिथलं पाणी जिप्समचं, सल्फेटने भरलेलं. त्याने कडूपणाला धार येते. हेझीवाले उलट क्लोराइड वाढवतात, म्हणजे घोट गुळगुळीत, भरीव लागतो. अमेरिकेच्या ब्रुअर्स असोसिएशनने २०१८ साली या प्रकाराला आपल्या यादीत स्वतंत्र जागा दिली. त्याच वर्षी सिएरा नेव्हाडाने, म्हणजे कडक कडू अमेरिकन एलचा पाया घालणाऱ्यांपैकी एका कंपनीने, स्वतःची हेझी बाजारात आणली. मग काय, नुसता गढूळपणा विकणारेही उगवले. वासाविना गढूळ बिअर मला तरी फसवणूक वाटते.

चाखायची कशी? किमिकचा आदर ठेवूनही मी ग्लासच घेतो; पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता, निम्माच भरलेला. वरच्या मोकळ्या जागेत वास साठतो. फ्रिजमधून काढल्या काढल्या पिऊ नये. ७ ते १० अंशांवर वास खुलतो. आधी दोन छोटे हुंगे, मग घोट. तो जिभेवर फिरवला की ओट्सचा मऊपणा कळतो. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. खरा आंबा तेव्हा येतो. खात्री करायची असेल तर पुढचा घोट नाक चिमटीत धरून घ्या. आंबा गायब! उरतो थोडा गोडवा, शेवटी हलका कडूपणा आणि अल्कोहोलची ऊब. ही ऊब विसरू नये. हेडी टॉपर ८ टक्क्यांची आहे, म्हणजे आपल्याकडच्या स्ट्राँग बिअरच्या जवळपास. पण रसासारखी उतरते म्हणून माणूस गाफील राहतो.

कधी घशात खरखर होते, जळजळल्यासारखं वाटतं. तो हॉप्सच्या बारीक कणांचा प्रताप. टाकीत आणखी थोडे दिवस बसली असती तर ते खाली गेले असते. त्याहून मोठा वैरी म्हणजे प्राणवायू. तो आत शिरला की पिवळा रंग आधी मळकट, मग करडा-जांभळा पडतो. आंब्याच्या जागी मध आणि ओला पुठ्ठा येतो. एवढ्या हॉप्सची बिअर प्राणवायूपुढे फारच हळवी.

त्यामुळे आपल्याकडे हा प्रकार प्यायचाच तर टॅपवरची घ्यावी. २००९ साली पुण्यात डूलाली ही ब्रुअरी सुरू झाल्यापासून स्वतःची बिअर बनवणाऱ्या जागा पुण्या-मुंबईत बऱ्याच झाल्या, आणि अधूनमधून हेझीही लागते. हॉप्स बहुतेक परदेशातून येतात. ते थंड ठेवलेले असले म्हणजे झालं. टाकी कधी उघडली, एवढं बारवरच्या पोऱ्याला विचारायला लाजू नये. ठाऊक असेल तर तो आनंदाने सांगतो. दुकानातून कॅन घ्यायचा असेल तर तळाची तारीख बघा. दोन-तीन महिने उलटून गेलेला आणि उघड्या फळीवर उकाड्यात ठेवलेला कॅन कितीही स्वस्त मिळत असला, तरी तिथेच राहू द्या आणि साधी लागर घेऊन घरी या.