कॅरव्हॅनमधील जनित्र : कार्य, वापर व निगा

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तेव्हापासून, निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या मोटारगाडीतून प्रवास करण्याची कल्पना सामान्य वाचकालाही परिचित होऊ लागली आहे. अशी गाडी वीजजोडणी नसलेल्या ठिकाणी उभी राहिली, की दिवे, पंखे, शीतकपाट व वातानुकूलन यांसाठी तिला स्वतःची वीज निर्माण करावी लागते. हे कार्य करणारे यंत्र म्हणजे जनित्र होय. व्यवहारात ‘जनरेटर’ हाच शब्द रूढ आहे. परंतु ‘जनित्र’ ही संज्ञाही अर्थवाही आहे. ‘खनित्र’ म्हणजे खणण्याचे साधन, ‘अरित्र’ म्हणजे वल्हे. त्याच साधनवाचक ‘इत्र’ प्रत्ययाने हा शब्द सिद्ध झाला आहे. जनित्र हे साधन आहे, शक्तीचा मूळ उगम नव्हे. इंधनातील रासायनिक ऊर्जेचे इंजिनाद्वारे गतीत व गतीचे विजेत रूपांतर होते, इतकेच.

हे रूपांतर मायकेल फॅरडे ह्याने १८३१ साली शोधलेल्या विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर आधारलेले आहे. वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले की वेटोळ्यात विद्युत्-दाब उत्पन्न होतो. भारतात घरगुती विजेची वारंवारता सेकंदास ५० आवर्तने असते. ती मिळविण्यासाठी दोन ध्रुवांचे साधे जनित्र मिनिटास ३००० व चार ध्रुवांचे १५०० फेरे फिरले पाहिजे. भार वाढला की इंजिनाची गती मंदावू पाहते. तेव्हा गतिनियामक अधिक इंधन सोडून ती सावरतो. ह्याउलट इन्व्हर्टर पद्धतीच्या जनित्रात वारंवारता इलेक्ट्रॉनिक रीतीने राखली जात असल्यामुळे, भार कमी असता इंजिन सावकाश चालू शकते व इंधन वाचते.

वापरणाऱ्याने प्रथम समजून घ्यावयाची गोष्ट म्हणजे क्षमतेचा हिशेब. उदाहरणार्थ, २.५ केव्हीए क्षमतेचे जनित्र ०.८ शक्तिगुणकास प्रत्यक्षात २००० वॅट देते. एक टनाच्या वातानुकूलन यंत्रास सुमारे १२०० वॅट लागतात असे धरले, व त्याच वेळी ६०० वॅटचा विजेचा कुकर लावला, तर एकूण भार १८०० वॅट होतो. हा भार क्षमतेच्या आत आहे. मात्र वातानुकूलन यंत्रातील संपीडक सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. म्हणून जनित्र भाराविना सुरू करून दोन-तीन मिनिटे चालू द्यावे, प्रथम वातानुकूलन सुरू करावे व मगच इतर उपकरणे जोडावी. बंद करताना क्रम उलटा असावा : आधी सर्व भार काढावा, थोडा वेळ इंजिन थंड होऊ द्यावे, नंतर ते थांबवावे.

हाच हिशेब स्थळानुसार बदलतो. उल्हास नदीच्या खोऱ्यातील अंबरनाथ सखल भागात वसले आहे. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. उंचीबरोबर हवा विरळ होते, इंजिनास प्राणवायू कमी मिळतो आणि दर ३०० मीटरमागे शक्ती अदमासे साडेतीन टक्क्यांनी घटते. अंबरनाथमधील बुवापाड्याहून निघालेल्या गाडीचे २००० वॅटचे जनित्र महाबळेश्वरी पोहोचेपर्यंत जेमतेम १७०० वॅटचे उरते. घरी बिनतक्रार चाललेला १८०० वॅटचा भार तेथे अधिभार ठरतो. यंत्रात बिघाड नसतो. हिशेब बदललेला असतो.

निगेच्या बाबतीत निर्मात्याची पुस्तिका हेच प्रमाण मानावे. सामान्यतः नव्या इंजिनाचे वंगणतेल पहिल्या सुमारे २० तासांनंतर व पुढे दर १०० तासांनी बदलतात. तेलाची पातळी रोज, यंत्र थंड व गाडी सपाटीवर असताना पाहावी. हवेची गाळणी धुळीने चोंदली की मिश्रणात इंधनाचे प्रमाण वाढते, धूर काळा होतो व ठिणगी-प्लगवर काजळी बसते. न वापरता ठेवलेले जनित्रही बिघडते. साठून राहिलेले पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटरची सूक्ष्म छिद्रे बुजवते. हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉल हवेतील बाष्प शोषून घेत असल्यामुळे कोकणच्या पावसाळ्यात हा धोका अधिकच वाढतो. यास्तव महिन्यातून एकदा, सुमारे निम्म्या भारावर, दोन तास यंत्र चालवावे. दीर्घकाळ ठेवावयाचे असल्यास इंधन काढून टाकावे. तापलेल्या इंजिनात इंधन कदापि भरू नये.

वरील चुकांनी यंत्राची हानी होते. धुराकडे दुर्लक्ष झाल्यास मात्र माणसाचा जीव जातो. इंधनाच्या अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. डोकेदुखी, मळमळ व चक्कर ही त्याची लक्षणे जागत्या माणसास जाणवतात. निजलेला माणूस बहुधा जागाच होत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वटकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसे मृत आढळली. कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या तपासणीत जनित्रातील हाच वायू गाडीत शिरल्याचे निष्पन्न झाले.

पावसाळ्यात हा धोका वाढण्याचे कारण मनुष्यस्वभावात आहे. पाऊस आत येऊ नये म्हणून खिडक्या मिटल्या जातात, आणि यंत्र भिजू नये म्हणून ते गाडीखाली वा ताडपत्रीच्या आडोशाला सरकवले जाते. म्हणजे धुराची वाट बंद व माणसाकडे येणारी वाट खुली होते. सुटे जनित्र गाडीपासून निदान सहा मीटर दूर, वाऱ्याच्या उताराकडे, धुराचे तोंड बाहेरच्या दिशेस करून ठेवावे. गाडीत बसविलेल्या जनित्राची धूरनळी, तिचे सांधे व गाडीच्या तळातील प्रत्येक छिद्र प्रवासापूर्वी तपासावे. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र निजण्याच्या जागी असावे. परंतु त्याच्या भरवशावर जनित्र रात्रभर चालू ठेवू नये. रात्री पंखा व दिव्यापुरती वीज बॅटरीतून घेता येते. निजण्यापूर्वी जनित्र बंद करणे हा सर्वांत सोपा व सर्वांत महत्त्वाचा नियम होय.