अळशी-तिळाचा खाखरा : घरगुती कृती व टिकवणुकीचे शास्त्र

इंदूर-उज्जैन रस्त्यावरील आमच्या सांवेराहून व्यापारानिमित्त परगावी निघालेल्या माणसाच्या पिशवीत हिशेबाच्या वहीशेजारी खाखऱ्याचा डबा असावयाचा, हे वडीलधाऱ्या मंडळींस सांगावयास नको. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम पाळणाऱ्यास मुक्कामाच्या गावी वेळेवर शुद्ध अन्न मिळेलच, अशी शाश्वती नसते. अशा वेळी दोन खाखरे व थोडे तूप एवढ्यावर नियमही राही व पोटही भरे. आज आपली मुले-मुली पुण्या-बंगळूरकडे शिक्षणासाठी व नोकरीसाठी राहतात, त्यांच्यापुढे तोच प्रश्न नव्या रूपाने उभा आहे. म्हणून या साध्या पदार्थाचा थोडा बारकाईने विचार करणे अस्थानी होणार नाही.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते एका चुकीमुळे. आमच्या कुटुंबातील एक मुलगी पुण्यास शिकावयास गेली, तेव्हा अळशी पौष्टिक म्हणून तिच्यासाठी अळशीचे खाखरे करून दिले. पूड आधीच्या महिन्यात दळून ठेवलेली होती. तीच कणकेत घातली. आषाढात तिने डबा उघडला. खाखरे कुरकुरीत होते, बुरशीचा ठिपकाही नव्हता. परंतु वास मात्र नव्याने रंगवलेल्या दारासारखा येत होता. सारा डबा टाकावा लागला आणि त्या सायंकाळी मुलगी उपाशी राहिली. खाखरा नीट वाळला असूनही बिघडला, हे कोडे उलगडण्याच्या प्रयत्नातून पुढील माहिती हाती आली.

कोरड्या पदार्थाचे शत्रू दोन : एक पाणी व दुसरा हवा. पाण्याचा शत्रू आपल्या गृहिणींच्या परिचयाचा आहे. मळलेल्या कणकेत वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक पाणी असते. पोळी भाजली तरी त्यातील बरेचसे आत राहते, म्हणून पोळी दुसऱ्या दिवशी शिळी होते. खाखरा मंद आचेवर दाबून शेकला की ते पाणी शेकडा पाचाच्याही खाली येते, आणि तेवढ्या कोरड्या अन्नावर बुरशीस वाढता येत नाही. आच मोठी केल्यास वरचा पापुद्रा करपतो व आतील ओल तशीच राहते. खाखरा टिकतो तो मिठामसाल्याने नव्हे, शेकणाऱ्या हाताच्या सबुरीने.

दुसरा शत्रू बियांबरोबर घरात येतो. तिळात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असते, तर अळशीत (वऱ्हाडात हिलाच जवस म्हणतात) सुमारे चाळीस टक्के. परंतु दोन्ही तेलांचा स्वभाव निराळा आहे. अळशीच्या तेलातील निम्म्याहून अधिक भाग अशा स्निग्धाम्लाचा असतो, की जे हवेतील प्राणवायू फार त्वरेने शोषून घेते. याच गुणामुळे तैलरंगात व वार्निशात जवसाचे तेल पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. लाकडावर लावलेले ते तेल हवेने घट्ट होऊन त्याचा पापुद्रा बनतो. चित्रकारास जो गुण, तोच गृहिणीच्या डब्यात दोष ठरतो. पुण्याच्या डब्यातील रंगाचा वास हा केवळ भास नव्हता, हे यावरून ध्यानी येईल. उलट तिळाच्या तेलात खवटपणा रोखणारी काही द्रव्ये मुळातच असतात. म्हणून ते बराच काळ टिकते.

अळशीचा दाणा अखंड असेपर्यंत त्याचे टरफल आतील तेलाचे रक्षण करते. दळताच ते हवेस उघडे पडते. मात्र अखंड दाणा नीट चावला न गेल्यास तो बहुधा तसाच पचनमार्गातून निघून जातो व त्याचा लाभ मिळत नाही. तेव्हा मार्ग एकच : दाणे अखंड साठवावेत आणि ज्या दिवशी खाखरे करावयाचे, त्याच दिवशी भाजून भरड कुटावेत.

आता कृती. गव्हाची बारीक कणीक २५० ग्रॅम, तीळ २५ ग्रॅम, अळशी २५ ग्रॅम, ओवा एक लहान चमचा, हळद पाव चमचा, मीठ चवीपुरते व मोहनासाठी तेल एक मोठा चमचा घ्यावे. तीळ व अळशी निवडून, वेगवेगळे, मंद आचेवर भाजावे. अळशी तडतडू लागताच उतरवावी. गार झाल्यावर अळशी भरड कुटावी, तीळ अखंडच ठेवावे. सर्व जिन्नस एकत्र करून सुमारे १३० मिलिलीटर पाण्यात घट्टसर कणीक मळावी. अळशी पाणी ओढून घेते, म्हणून कणीक वीस मिनिटे झाकून ठेवून मगच तिचा सैलपणा पाहावा. पंधरा-सोळा गोळ्या करून अगदी पातळ लाटाव्यात व तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धवट भाजून घ्याव्यात. नंतर आच मंद करून एकेक पोळी पुन्हा तव्यावर टाकावी व लाकडी दट्ट्याने किंवा घडी केलेल्या सुती फडक्याने कडेपासून मध्यापर्यंत दाबत, उलटसुलट करीत शेकावी. खाखरा वाकू न देता मोडला, म्हणजे झाला असे समजावे. सर्व खाखरे पूर्ण गार झाल्याखेरीज डबा बंद करू नये. कोमट खाखऱ्याची वाफ झाकणाला लागून सारे श्रम व्यर्थ जातात.

बियांचा असा पदार्थ केवळ आपलाच आहे असे नाही. स्वीडन देशात राय धान्याची कोरडी भाकरी मध्यभागी भोक पाडून करीत व छताखालच्या काठीत ओवून महिनोन्‌महिने टांगून ठेवीत. तेथेच आता सूर्यफूल, भोपळा, तीळ व अळशी यांच्या बिया थोड्या मक्याच्या पिठात उकळत्या पाण्याने कालवून, पातळ पसरून, भट्टीत सुमारे १५० अंश सेल्सिअस उष्णतेवर तासभर वाळवतात. भिजलेल्या अळशीतून जो चिकट रस सुटतो तोच बियांना बांधून ठेवतो. अंडे वा यीस्ट यांची गरज पडत नाही. ही युक्ती आपल्या स्वयंपाकघरास सहज मानवेल. मात्र परदेशी कृतींत पुष्कळदा खसखस असते. ती बहुबीज म्हणून वर्ज्य मानणाऱ्यांनी वगळावी. तसेच अनेक श्वेतांबर घरांतून फाल्गुन चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तीळ घेत नाहीत. त्या काळात जिरे-ओव्यावर भागवावे.

यासंदर्भात आपल्या पूर्वजांनी घालून दिलेल्या कालमर्यादांचे स्मरण होते. श्वेतांबर परंपरेत खाखऱ्यासारख्या कोरड्या पदार्थास शीतकाळी ३०, उन्हाळ्यात २० व पावसाळ्यात १५ दिवसांची मर्यादा सांगतात; दिगंबर परंपरेत पिठास अनुक्रमे ७, ५ व ३ दिवस. उष्णतेने तेल लवकर खवट होते व दमट हवेत कोरडा पदार्थ ओल धरतो, हे लक्षात घेता ऋतुपरत्वे दिवस कमी करण्यातील शहाणपण सहज पटते. आम्ही महिन्यापूर्वीची पूड वापरली आणि आषाढात डबा उघडला, म्हणजे दोन्ही मर्यादा आम्ही मोडल्या होत्या! अनुभवान्ती आमच्या घरी अळशीच्या खाखऱ्यास हिवाळ्यातही १५ दिवसांवर ठेवत नाही.

हा विषय व्यापाऱ्यास घराबाहेरही उपयोगी आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला; त्यातून उभ्या राहिलेल्या श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड या संस्थेने पुढे खाखऱ्याचेही उत्पादन केले. आपल्या घरच्या खाखऱ्यासही गिऱ्हाईक मिळू शकेल. परंतु विक्री करावयाची तर २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यान्वये नोंदणी वा परवाना हवा, आणि पाकिटावर तारीख हवी. ही तारीख केवळ कायद्यासाठी छापू नये. आपल्या मुलीस ज्या दिवसापर्यंत तो खाखरा आपण निःशंकपणे देऊ, तोच दिवस गिऱ्हाइकासाठीही लिहावा. खोटे माप देणे जसे पाप, तसे खोटी मुदत देणेही पापच होय.

पुण्यास आता पंधरवड्याला एकच लहान डबा जातो. त्याच्या झाकणावर कागदाची चिठ्ठी डकवून खाखरे केल्याची तिथी लिहिलेली असते, आणि डबा रिकामा होऊनच परत येतो.