आईच्या आठवणीत बांधलेले मंदिर

चीनला जायचे ठरले तेव्हा अम्मींना दोन काळज्या होत्या, हलाल जेवणाची आणि नमाजची. तिसरी काळजी शिआन शहरात पोहोचल्यावर निघाली. दुसऱ्या दिवशी आम्हाला दा त्सएन हे जुने बौद्ध मंदिर पाहायचे होते. "बुतखान्यात आपलं काय काम? तुम्ही जाऊन या, मी बाहेर बसते," अम्मी म्हणाल्या.

अब्बांनी वाद घातला नाही. "पाहणं वेगळं आणि पूजणं वेगळं," एवढेच ते म्हणाले. इतर लोक ज्यांची पूजा करतात त्यांना वाईट बोलू नका, ही सूरह अल-अनआममधली ताकीदही त्यांनी आठवण करून दिली.

सकाळी आम्ही तिकिटे काढली. अम्मी खरोखरच दाराजवळच्या बाकावर बसल्या. आत दक्षिणेकडून उत्तरेकडे एकामागून एक अंगणे आणि दालने आहेत. लोक उदबत्त्या दोन्ही हातांत धरून वाकत होते, पाठीवर पिशव्या अडकवलेले प्रवासी फोटो काढत होते. आम्हाला कोणी हात जोडायला सांगितले नाही, की कुठून आलात म्हणून हटकले नाही.

शिआन म्हणजे पूर्वीचे चांगआन, तांग घराण्याची राजधानी. युवराज ली झी याने आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ 648 साली हे मंदिर बांधवले. नावातल्या 'त्सएन'चा अर्थच मायेचे ऋण असा होतो. हे वाचून आमची लेक धावत बाहेर गेली आणि आजीला म्हणाली, "दादी, हे मुलानं आईसाठी बांधलंय!" अम्मी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग पदर सावरून उठल्या आणि अंगणापर्यंत आल्या. मूर्तींच्या दालनात त्या गेल्या नाहीत आणि आम्हीही आग्रह केला नाही.

अंगणाच्या मागे मोठा रानहंस मनोरा उभा आहे. हा विटांचा, चौकोनी, सात मजली मनोरा सुमारे 64 मीटर उंच आहे. तो बांधायला लावला ह्युएन त्संगने. शाळेच्या पुस्तकात भेटलेला हाच तो चिनी भिक्षू. त्या काळी देशाबाहेर जायला बंदी होती, तरी हा माणूस धर्मग्रंथांच्या शोधात निघाला, नालंदात शिकला आणि 645 साली 657 ग्रंथ घेऊन परतला. ते ग्रंथ सुरक्षित राहावेत म्हणून 652 साली मनोरा उभारला गेला. आधी तो पाच मजलीच होता. तो खचल्यावर 701 ते 704 या काळात पुन्हा बांधला गेला. उरलेले आयुष्य ह्युएन त्संगने भाषांतरात घालवले.

ज्ञानासाठी चीनपर्यंत जावे, असे वचन आपल्या घरांत नेहमी ऐकवले जाते. हदीसच्या अभ्यासकांनी त्याची सनद कमकुवत ठरवली आहे. इथे मात्र आम्हाला ज्ञानासाठी चीनहून आपल्याकडे आलेला माणूस भेटला. तो महाराष्ट्रातही आला होता. राजा पुलकेशीविषयी त्याने लिहून ठेवले आहे. इथले लोक उपकार करणाऱ्याचे उपकार विसरत नाहीत आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत, असेही त्याने नोंदवले आहे. हे ऐकून अम्मी हसल्या. "म्हणजे तेव्हापासून आपण असेच!"

आम्ही जिने चढून वर गेलो. प्रत्येक मजल्यावर चारही दिशांना खिडक्या आहेत. खाली पाहिले तर अम्मी त्याच अंगणात, सावलीला बसलेल्या दिसल्या.

हजरत उस्मान यांच्या खिलाफतीत, 651 साली, अरबांचा पहिला दूत याच चांगआनमध्ये आल्याची नोंद तांग इतिहासात आहे. तेव्हा गादीवर होता तोच ली झी, आता सम्राट गाओझोंग. म्हणजे मनोरा उभा राहायच्या आदल्या वर्षी या शहराची इस्लामशी ओळख झाली होती.

दुपारी आम्ही हुई मुसलमानांच्या वस्तीत गेलो. दुकानांवरच्या हिरव्या पाट्या पाहून जेवणाची काळजी मिटली. हाताने रोटीचे बारीक तुकडे करून वाडग्यात टाकायचे आणि त्यावर मटणाचा गरम रस्सा घ्यायचा. अब्बांनी दोन वाडगे संपवले.

जवळच्या गल्लीत मोठी मशीद आहे. तिची सध्याची रचना मिंग काळातली, 1392 सालची मानतात. घुमट नाही, उंच मीनार नाही. लाकडी खांब, निळी कौले आणि मीनाराच्या जागी आठ कोनांची चिनी इमारत. सकाळचे मंदिर दक्षिणेला तोंड करून होते. ही मशीद पश्चिमेकडे वळलेली, कारण इथून किबला त्या दिशेला आहे. कौले आणि खांब शहराचे, दिशा मात्र आपली.

असरची नमाज अदा झाल्यावर अम्मी बराच वेळ दुआ करत राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आज माझ्या आईची फार आठवण आली. तिच्या नावानं मी काहीच केलं नाही. गावच्या मदरशात पुस्तकांचं एक कपाट द्यायचं का?"

मनोरे बांधणे सम्राटांना जमते. कपाट आपल्याला जमेल. घरी पोहोचल्यावर आम्ही सर्वांत आधी सुताराला फोन केला.