रांजण भरणारी माणसं

परभणी जिल्ह्याला चमत्काराच्या गोष्टींचं नवल नाही. गंगाखेडच्या जनाबाईबरोबर विठ्ठल दळायला बसला, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. परभणीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला सगळ्या जातिधर्मांची माणसं नवस फेडायला येतात. पाथरी हे साईबाबांचं जन्मस्थान मानून तिथं जाणारेही पुष्कळ. त्यामुळे येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला म्हटलं, तर इथला माणूस वाद घालत नाही. ‘असेल बुवा’ म्हणतो आणि तंबाखू मळायला घेतो. पण ‘असेल बुवा’ म्हटलं की गोष्ट तिथंच संपते. तिचा आपल्या जगण्याशी काही संबंध उरत नाही.

मला स्वतःला या गोष्टींत चमत्कारापेक्षा त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम जास्त दिसतं. ते काम येशू स्वतः करत नाही, माणसांना करायला लावतो.

काना गावचं लग्नच घ्या. मांडवात द्राक्षारस संपतो. यजमानाची अब्रू जाणार हे सगळ्यांत आधी येशूच्या आईच्या ध्यानात येतं. दारात हातपाय धुण्याच्या पाण्याचे सहा दगडी रांजण आहेत आणि ही गोष्ट आपल्या शुभवर्तमानात सांगणाऱ्या योहानानं त्यांचं मापही दिलंय. आजच्या हिशेबानं एकेक रांजण साधारण 80 ते 120 लिटरचा, म्हणजे सहा मिळून पाचशे ते सातशे लिटर पाणी. पंधरा लिटरच्या हंड्यानं भरायचं म्हटलं तर चाळीसएक खेपा. शहरात नळाखाली बादली लावणाऱ्याला हा आकडा नुसता आकडा वाटेल. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभ्या राहिलेल्या मराठवाड्यातल्या बाईला मात्र त्या नोकरांच्या खांद्यांची कळ लगेच कळेल. येशू सांगतो, रांजण भरा. नोकर काठोकाठ भरतात. का, कशाला, असं कुणी विचारत नाही.

पुढं योहान जाता जाता एक बारीक गोष्ट सांगून टाकतो. हा रस कुठून आला हे पंगतीच्या कारभाऱ्याला कळलं नव्हतं, पण पाणी काढणाऱ्या नोकरांना ठाऊक होतं. वरच्या पाटावर बसलेल्यांना फक्त चव कळली. चमत्कार पाहिला तो रांजण भरणाऱ्यांनी. आणि हे सगळं मराठीला नवं नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं गोव्यात बसून येशूचं चरित्र मराठी ओव्यांत रचलं आणि 1616 साली ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं. या गोष्टी मराठीच्या ओटीत पडून चारशे वर्षं उलटून गेली आहेत. त्या परक्या आहेत असं आता कुणी म्हणू नये.

माणसांना कामाला लावण्याचा हा धागा एकदा हाती लागला की तो सगळीकडे दिसू लागतो. लाजाराला कबरेतून उठवायचंय, पण तोंडावरची धोंड लोकांनी हलवायची. याईराची बारा वर्षांची मुलगी उठून बसते, तर येशू घरच्यांना म्हणतो, तिला काहीतरी खायला द्या. मरणाच्या दारातून परत आलेल्या पोरीला भूक लागली असेल, हे त्या गर्दीत एकट्याला सुचलं. या छोट्या वाक्यापुढं मला तो मोठा चमत्कारही जरा मागं सरकल्यासारखा वाटतो.

पाच भाकरींत पाच हजार जेवले, त्या गोष्टीत तर कामच काम आहे. योहान सांगतो की भाकरी जवाच्या होत्या, म्हणजे गरिबाचं अन्न. आपल्याकडं ज्वारीची भाकर आणि ठेचा म्हणावं तसं. या भाकरी एका पोराच्या शिदोरीतल्या. येशू आधी शिष्यांना सांगतो, तुम्हीच त्यांना जेवायला द्या. ते हिशेब मांडून हात वर करतात. मग लोकांना शंभर-शंभर, पन्नास-पन्नास करून हिरवळीवर बसवलं जातं. यालाच आपण पंगत म्हणतो. वाढायचं शिष्यांनी. शेवटी उरलेले तुकडेही त्यांनीच गोळा करायचे, वाया जाऊ द्यायचे नाहीत. बारा टोपल्या भरतात. आपल्या लग्नांतल्या उष्ट्या पत्रावळींचे ढीग पाहिले की चमत्कारातला हा भाग कुणी वाचत नाही असं वाटतं.

पंगतीचा मुद्दा महाराष्ट्रात साधा नव्हता. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता. न्यायालयानं त्याला बापाच्या ताब्यात दिलं, आणि मग खरा तंटा पेटला. परक्यांच्या घरी जेवलेल्या पोराला जातीत घ्यायचं की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून कंबर कसली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एका मुलाच्या पोटात कुणाच्या घरचं अन्न गेलं, यावर अख्खी मुंबई भांडत होती. थोरला नारायण पुढं जालन्याला आला. निजामाच्या मुलखातच, आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, त्यानं बेथेल नावाची वस्ती वसवली. तिथं येणारे बहुतेक मांग-महार समाजातले. अशांच्या ताटाला ताट लावून जन्मानं ब्राह्मण असलेला पाळक जेवतो, हे त्या काळच्या मराठवाड्यात पाच हजारांच्या जेवणाहून कमी अद्भुत नव्हतं.

चमत्कारांकडून दाखल्यांकडं वळलं की परभणीचा शेतकरी घरच्या वावरात येतो. तरी पेरणाऱ्याच्या दाखल्यात त्याला एक खोट दिसेल. काही बी वाटेवर पडतं, काही खडकाळीत, काही काट्याकुट्यांत. इथला माणूस चाड्यावर मूठ धरतो. तिफणीच्या नळ्यांतून दाणा नेमका तासात उतरतो. बी वाटेवर सांडणारा गडी दुसऱ्या दिवशी कामावर दिसायचा नाही. पण गालील प्रांतात बी हातानं फोकायची रीत होती, आणि तिथं बऱ्याचदा आधी फोकून मग नांगर फिरवत, असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे तो पेरणारा गाफील नव्हता. मला त्याचा निष्काळजीपणा दिसत नाही, हात आखडता न घेणं दिसतं. कोणती जमीन उगवेल हे आधी ठरवून तो मूठ आवळत नाही. आपण मात्र उपदेश असो की मदत, माणूस पारखूनच चाड्यावर मूठ धरतो.

मजुरांच्या दाखल्यावर आमच्याकडं हमखास भांडण होईल. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर ठरवतो, दिवसाचा एक दीनार. नऊला, बाराला, तीनला पुन्हा चौकात जातो. दिवस मावळायला तासभर उरला असताना जातो तेव्हाही काही जण उभेच असतात. तो विचारतो, रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हांला कुणी कामावर घेतलंच नाही. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच दीनार मिळतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात, आणि त्यांचं म्हणणं हिशेबानं बरोबर आहे. कापूस वेचणारीला किलोवर पैसे मिळतात. तिला ही वाटणी पटणार कशी? पण सकाळच्या मजूर अड्ड्यावर जो कधी दुपारपर्यंत ताटकळला असेल, त्याला दुसरी बाजूही माहीत असते. काम न मिळालेल्याच्या घरीही चूल तेवढीच असते. मागेल त्याला काम देणं हे सरकारचं कर्तव्य मानणारा रोजगार हमीचा कायदा देशात आधी महाराष्ट्रानं केला, 1977 साली. तो करणाऱ्यांच्या मनात हा दाखला होता असं मी म्हणत नाही. पण चौकात उभ्या राहिलेल्या माणसाचा दोष नसतो, ही समज दोन्हीकडं एकच आहे.

या साऱ्याचं जगणं कसं करायचं, हे पंडिता रमाबाईंइतकं कुणाला उमगलं नसेल. इंग्लंडमध्ये त्यांनी ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना सांभाळणारं एक घर पाहिलं. या बायकांची एवढी मायेनं काळजी का, असं विचारल्यावर त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. यहुदी ज्यांच्या भांड्यातलं पाणी पीत नसत अशा जातीतली, पाच नवरे झालेली बाई, आणि येशू तिच्याकडं पाणी मागतो. पाणवठ्यावरच्या सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या रमाबाईंना त्याचा अर्थ कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती. 1883 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून उपाशी, बेवारस मुली केडगावला आणल्या आणि मुक्ती मिशन उभं केलं. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं खपून काम केलं. ते छापण्याचं काम मुक्तीतल्याच बायकांनी केलं. रमाबाई 1922 साली गेल्या, ग्रंथ 1924 साली बाहेर आला.

आता एक कडू बोलतो. हल्ली ‘चंगाई सभां’चे फलक लागतात. आंधळे पाहतील, लंगडे चालतील, या आणि साक्ष द्या. प्रार्थनेनं कुणाच्या मनाला उभारी येत असेल तर माझी हरकत नाही. पण येशूनं कुष्ठरोग्याला हात लावून बरं केलं, तेव्हा पहिली ताकीद दिली ती कुणाला सांगू नको अशी. दुसरी, याजकाला जाऊन दाखव. त्या काळी कातडं बरं झालं की नाही हे तपासायचा अधिकार याजकाचा. म्हणजे आजच्या भाषेत, डॉक्टरकडून खातरी करून घे. चमत्काराच्या नावावर लोकांना फसवणं 2013 पासून महाराष्ट्रात कायद्यानं गुन्हा आहे. पण जो फलक लावून चमत्कार करतो त्यानं आधी ती ताकीदच मोडलेली असते. आणि औषध बंद करायला सांगणाऱ्या कुणाचंही, कोणत्याही धर्माचा असो, ऐकू नका.

रांजण भरण्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मात्र घरगुती आहे. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो, असं सांगणारे कवी नारायण वामन टिळक यांनी येशूचं चरित्र ‘ख्रिस्तायन’ या नावानं रचायला घेतलं. दहाएक अध्याय झाले आणि 1919 साली ते वारले. ज्या पत्नीनं नवऱ्याच्या धर्मांतरानंतर बरीच वर्षं सोवळं सोडलं नव्हतं, जिला शाळेचं शिक्षण मिळालं नव्हतं, त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठांहून अधिक अध्याय लिहिले. 1936 साली त्याही गेल्या. ‘ख्रिस्तायन’ 1938 साली प्रसिद्ध झालं.